एकदा लावला की हात लावायचा नाही

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस पुसदमध्ये तर नाहीच, पण अख्खा यवतमाळ जिल्हा चाळणीतून काढला तरी सापडायचा नाही. गंमत अशी, की हा माणूस साप, विंचू, पोलीस, साहेब आणि सासरची मंडळी यांपैकी कोणालाच भीत नाही. आमच्या सासऱ्यांच्या वावरात एकदा नाग निघाला, तेव्हा आम्ही बाकीचे जावई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून ओरडत होतो, आणि हे खाली उभे राहून शांतपणे म्हणत होते, "जाऊ द्या नं त्याले. त्याले कुठं आपल्याशी बोलायचं हाये?" असा हा धीराचा पुरुष भितो तो मुगाच्या दाण्याएवढ्या एका लाल दिव्याला. तो दिवा त्यांच्या मिक्सरवर आहे. मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. सभेत, लग्नात, कीर्तनात माइकचा आवाज ज्या बटणांच्या पेटीतून पुढे स्पीकरच्या बॉक्समध्ये जातो, ती पेटी. माइकमधून येणारा आवाज पेटीला सोसवेनासा झाला की तो दिवा लुकलुकतो. तुम्हाआम्हाला तो दिसतही नाही. साडूभाऊंना मात्र तो दिसला की त्यांच्या कपाळावर घाम येतो, ओठ सुकतात, आणि घरून आजारपणाचा फोन आल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांचे हे यजमान. पुसदला त्यांचा साऊंडचा धंदा. मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी असं सगळं ठेवणारी बिछायत केंद्रं गावात पुष्कळ आहेत, पण साडूभाऊंनी आयुष्यभर आवाजाखेरीज दुसरं काही ठेवलं नाही. आणि त्या आवाजातही त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत: गेन. मी कॉलेजात मराठी शिकवतो. गेन म्हणजे काय हे मला समजण्याचं काही कारण नव्हतं. पण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला त्यांनी मला, ओवाळून व्हायच्या आधी, पाटावर बसल्या बसल्या ते समजावून सांगितलं.

"साडू, हे पाहा. गेन म्हणजे विहिरीवरची मोटर. अन् खालचं सरकतं बटण हाये, तो वावरातला कॉक. मोटर कमी ओढून राह्यली तर कॉक पुरा उघडला तरी पाणी ठिबकतेच, वरतून गाळ येते. अन् मोटरीनं जास्त रेटलं तर पाइप फुटते. मंग कॉक बंद करून काय फायदा? आवाज एकदा वरती फाटला नं, खाली कितीबी लहान करा, तो फाटलेलाच राह्यते. लहान फाटका."

"मग काय करायचं?" मी विचारलं. ओवाळायला आलेली मेहुणी तबक घेऊन ताटकळली होती.

"पह्यले माणसाचा खरा आवाज घ्यायचा, तितकाच गेन लावायचा. अन् एकदा लावला की हात लावायचा नाही." एवढं बोलून त्यांनी कपाळ पुढे केलं. मला त्या दिवाळीत पोशाख काय मिळाला ते आठवत नाही, पण हे वाक्य आठवतं.

'माणसाचा खरा आवाज' ही त्यांची जन्माची डोकेदुखी. माइक हातात दिला की माणूस आधी लाजतो. दोन बोटांत लिंबू धरावं तसा माइक धरतो, 'हॅलो, हॅलो' असं चोरट्या आवाजात म्हणतो, आणि कार्यक्रम सुरू झाला की तोच माणूस गावावर दरोडा पडल्यासारखा ओरडतो. त्या चोरट्या हॅलोवर गेन लावला की खऱ्या भाषणात लाल दिवा पेटलाच. म्हणून साडूभाऊ चाचणीच्या वेळी माणसाला खऱ्या आवाजापर्यंत आणतात, मग त्यासाठी काहीही करावं लागो. माझ्याच लग्नात माझी दारव्ह्याची आत्या मंगलाष्टकं म्हणणार होती. मुहूर्त गोरज. दुपारी पाहुणे जेवत असताना साडूभाऊंनी तिला स्टेजवर बोलावलं. आत्यानं नवरीसारखी मान खाली घालून 'हॅलो' म्हटलं. हे म्हणाले, "आत्याबाई, इतक्या आवाजात तर आमच्याकडे चहासुद्धा कोनी मागत नाही." आत्याला राग आला. तिनं डोळे मिटले, श्वास भरला आणि असं काही 'सावधान' लावलं, की जेवणघरातले पाहुणे हातचा घास टाकून धावत आले. अक्षता सकाळीच वाटून झाल्या होत्या. 'मुहूर्त अलीकडे आला वाटते' असं म्हणत शंभरेक माणसांनी नवरा-नवरी नसलेल्या स्टेजवर अक्षता उधळल्या. आत्या सोडली तर स्टेजवर त्या वेळी एकटे साडूभाऊ होते, हातात वायर घेऊन गुडघ्यावर बसलेले. डोक्यावरचे तांदूळ झटकायचंही त्यांना भान नव्हतं. ते मिक्सरकडे पाहत समाधानानं म्हणाले, "हा खरा आवाज. झालं, आत्याबाई."

हीच युक्ती त्यांनी एका पुढाऱ्यावर केली. हे पुढारी सभेच्या अर्धा तास आधी सहज मैदान पाहायला आले, तर साडूभाऊंनी त्यांच्या हातात माइक दिला. ते पुढारी मवाळपणे म्हणाले, "काय, बरोबर येतो ना आवाज?" साडूभाऊ हात जोडून म्हणाले, "येते जी. मागच्या सभेत मात्र लोक म्हणत होते, साहेब बोलले पण काहीच नाही बोलले." पुढाऱ्यांचा चेहरा तांबडा झाला. "कोण म्हणतं? नाव सांग त्याचं!" ते माइकमध्ये गरजले, तसे समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. साडूभाऊंनी बटण केसभर डावीकडे फिरवलं, वर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं खूण केली आणि नमस्कार केला. "धन्यवाद, साहेब. आता बसा निवांत." कार्यकर्ते त्यांना मारायला निघाले होते, पण त्या दिवशीचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत इतका स्वच्छ गेला, की पुढच्या सभेलाही साडूभाऊंनाच बोलावणं आलं. फक्त चाचणीला पुढाऱ्यांनी पीएला पाठवलं.

गेन एकदा लागला, की त्या ओळीतल्या बटणांवर ते पुठ्ठ्याची पट्टी ठेवत आणि दारात राखण बसावी तसे तिच्यावर कोपर टेकून बसत. समारंभात 'थोडा आवाज वाढवा हो' म्हणायला दर पाच मिनिटांनी कोणीतरी येतंच. त्यांच्यासाठी मिक्सरच्या कोपऱ्यात एक वेगळं मोठं बटण बसवलेलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. आलेल्या माणसासमोर साडूभाऊ ते हळूच उजवीकडे फिरवत. "आता कसं?" "आता मस्त!" म्हणून माणूस खूश होऊन जाई. मी एकदा म्हणालो, "भाऊजी, ही फसवणूक झाली." तर ते म्हणाले, "त्याले आवाज थोडीच पाह्यजे होता? त्याले कोनीतरी ऐकलं पाह्यजे होतं. ऐकलं."

घरीही त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. दूध उतू जाण्याआधी ते धावत, कुकरची तिसरी शिट्टी होऊ देत नसत, आणि कोणी मोठ्यानं बोलू लागलं की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हवेत आपोआप डावीकडे फिरत. अनोळखी माणसाला वाटे, हे काही जप करताहेत. या बोटांना सगळ्यात जास्त काम लावलं ते ताईंनी. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी फुलसावंगीच्या शाळेत काढली. पुसदहून रोज एसटीनं जाणं आणि येणं. एका पडवीत चार वर्ग बसायचे त्या काळात त्यांचा आवाज घडलेला. स्वयंपाकघरातून त्यांनी 'चहा झाला' म्हटलं की शेजारच्या तीन घरांत कप विसळले जात. साडूभाऊ म्हणत, "हिच्यासाठी गेन शून्यावर ठेवला तरी लाल लागते." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी असे, तिच्यात थोडासा अभिमान मिसळलेला मला दिसे.

ताईंची निवृत्ती वर्षावर आली, आणि त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. पण आवाजाची नस गाठीला चिकटून गेलेली. आवाज जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर ताई पहिलं वाक्य बोलल्या, ते सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं आलं. सहा महिने व्यायाम केले, गोळ्या घेतल्या, मध चाटला. हवेत थोडे शब्द मिसळू लागले, एवढंच. शाळेनं त्यांना कागदाचं काम दिलं. त्या घरात वर्षानुवर्षं फिरणारी साडूभाऊंची दोन बोटं थांबली. मी गेलो की ते म्हणत, "साडू, घरात लय शांत वाटते." मग उगीच उठून नळ गळतो का पाहून येत.

निवृत्तीचा समारंभ एप्रिलच्या शेवटी शाळेच्या पटांगणात ठरला. मुख्याध्यापकांनी सुचवलं, ताईंनी भाषण लिहून द्यावं आणि कोणीतरी वाचावं. कोणीतरी म्हणजे मी. ताईंनी भाषण लिहून माझ्या हातात दिलं खरं, पण खाली एक ओळ जास्त होती: 'आधी मी बोलून पाहीन. नाही जमलं तर तुम्ही वाचा.'

ही ओळ मी साडूभाऊंना दाखवली आणि मला लगेच पश्चात्ताप झाला. तो माणूस त्या दिवसापासून नीट जेवला नाही. आठ दिवस रोज ते घरच्या हॉलमध्ये माइक मांडून ताईंना म्हणत, "दोन शब्द बोल. फक्त दोन." ताई मान हलवत. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज त्या दिवसासाठी जपून ठेवते.' उभ्या जन्मात साडूभाऊंनी चाचणीवाचून गेन लावला नव्हता. शेवटी त्यांनी आपली जुनी युक्ती काढली. एका रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा म्हणाले, "भाजी आळणी केली तू. हल्ली तुह्या हाताले चवच नाही राह्यली." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या, खांदे हलले, आवाज आला नाही. साडूभाऊ ताटावरून उठले आणि ओसरीत जाऊन बसले. मी बाहेर गेलो तर म्हणाले, "भाजी चांगली होती जी."

समारंभाच्या दिवशी दुपारी सामान घेऊन आम्ही दोघं टेम्पोतून निघालो. ताई मागून माझ्या बायकोबरोबर गाडीनं येणार होत्या. वाटेत साडूभाऊंनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती.

"नवीन नवीन धंदा होता. वणीकडे राजूरले गेलतो, खाणीच्या वसाहतीत. एक कामगार आजारानं गेलता, त्याची शोकसभा. सगळे साहेब बोलले. मंग त्याची बायको उभी झाली. बारीक आवाज. कोनी म्हणे ऐकू नाही येऊन राह्यलं, म्हणून मी गेन एकदम वाढवला. अन् अशी शिट्टी वाजली, साडू, अशी वाजली, का लोकायनं कान झाकले. ते बाई दचकली. तिले वाटलं आपलंच काही चुकलं. माइक ठेवला अन् बसून गेली. दोन वाक्यं बोलली होती फक्त. तिले काय सांगायचं होतं, ते कोनालेच नाही समजलं."

"तुम्ही नंतर विचारलं नाही?"

"काय विचारू? शिट्टी वाजवणारा मीच होतो, बाई, आता सांगा, असं?" मग मागे वळून त्यांनी बॉक्सच्या दोऱ्या घट्ट आहेत का ते पाहिलं. "बारीक आवाजाले गेन लय द्या लागते. अन् गेन वाढवला का त्या माणसासंगं सारं जग माइकमध्ये घुसते. आज तेच हाये."

सारं जग म्हणजे काय, ते मला शाळेत पोचल्यावर कळलं. मांडवात उंच पंखे लावले होते. साडूभाऊंनी ते बंद करायला सांगितले. मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊ, ऊन पाहा. माणसं भाजून निघतील." एरवी कोणाला 'ए' न म्हणणारे साडूभाऊ म्हणाले, "भाजू द्या." बॉक्स त्यांनी स्टेजपासून लांब, पार पुढे नेऊन लोकांकडे तोंड करून ठेवले, म्हणजे त्यांतला आवाज फिरून माइकमध्ये येऊ नये आणि शिट्टी वाजू नये. पुढच्या रांगेतल्या बायकांना बांगड्या वाजवू नका म्हणून सांगितलं. पत्र्याच्या छपराखाली पारवे होते, ते हुसकावले. एवढं करून ते कान देऊन उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. शाळेच्या कुंपणाला लागूनच पिठाची गिरणी होती आणि ती धडधडत होती.

आम्ही दोघं गिरणीत गेलो. गिरणीवाला चाळिशीचा, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला. साडूभाऊंनी हात जोडले. "कार्यक्रम होईस्तोवर गिरणी बंद ठेवता का?"

"कायले? आत्ता तर लाइन आली, भाऊ. अजून धा जणांचं दळण पडलं हाये."

"शाळेत बाई बोलणार हायेत."

गिरणीवाला थबकला. "आमच्या बाई? त्याहिचा आवाज तर गेला म्हणे."

"म्हणूनच," साडूभाऊ म्हणाले.

गिरणीवाल्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. वळला आणि खटका ओढला. पट्टा फडफडत थांबला. गिरणीची धडधड थांबल्याबरोबर तिच्याखाली दबलेले गावातले बाकीचे आवाज एकेक करून वर आले: कुठेतरी ट्रॅक्टर, कोणाचा तरी रेडिओ, हापशी, वेळकाळ न समजणारा एक कोंबडा. साडूभाऊ प्रत्येक आवाजाकडे हताशपणे मान वळवत होते. "साडू," ते म्हणाले, "गाव एवढं मोठं असते का हो?"

दुपारी चारला मांडव भरला. हार झाले, शाल झाली, मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. घामानं सगळे निथळत होते. मग ताई उठल्या. मी भाषणाचा कागद खिशात चाचपला आणि मिक्सरपाशी जाऊन साडूभाऊंच्या शेजारी उभा राहिलो. ताईंनी माइक हनुवटीला टेकवला. त्यांनी कागद काढला नाही. पिशवीतून एक पातळ वही काढली. ओठ हलले. बॉक्समधून काहीच आलं नाही.

साडूभाऊंनी पुठ्ठ्याची पट्टी बाजूला केली आणि गेन फिरवू लागले. आधी तुरीच्या वावरात वारा सुटावा तशी खरखर आली. मग कोणाच्या तरी खुर्चीची कुरकुर. मग ताईंचा श्वास. अजून थोडं. सुईच्या टोकाएवढी शिट्टी कुठेतरी सुरू झाली आणि मांडवातले लोक चुळबुळले; साडूभाऊंनी बटण केसभर मागे घेतलं. शिट्टी विझली.  आणि त्या श्वासातून एक शब्द बाहेर पडला.

"गंगाधर."

कोणालाच काही कळेना. ताईंनी वहीवरून नजर उचलली आणि वाट पाहिली. मागच्या रांगेतून एक दांडगा, मिशाळ गडी गोंधळून उभा राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. या शाळेत ताईंनी शिकवलेला पहिलीचा पहिला वर्ग. त्याची हजेरी चालली होती.

"हजर, बाई!" तो ओरडला.

लाल दिवा भक्कन पेटला. साडूभाऊंनी बटण खाली खेचलं. तेवढ्यात ताईंच्या ओठांवर पुढचं नाव आलं होतं. ते पुन्हा वर. "अनुसया." खाली. "हजर, बाई!" वर. "शेषराव." "तो सुरतले हाये, बाई!" खाली. मी आयुष्यात इतकी घाबरलेली बोटं पाहिली नाहीत. एकदा लावला की हात लावायचा नाही, म्हणणारा तो माणूस प्रत्येक नावाला बटण वर नेत होता आणि प्रत्येक उत्तराला खाली आणत होता. क्षणभर उशीर झाला असता तर शिट्टी, क्षणभर घाई झाली असती तर नाव बुडालं असतं. त्यांच्या कपाळावरचा घाम मिक्सरवर टपकत होता आणि मी माझ्या रुमालानं तो टिपत होतो. एका नावाला एक बाई उभी राहून म्हणाली, "ते गेली, बाई. दोन वर्षं झाले." ताईंनी वहीवर बोट तसंच ठेवून थोडा वेळ मान खाली घातली. त्या वेळी बॉक्समधून फक्त श्वास ऐकू येत होता. साडूभाऊंनी तो कमी केला नाही.

"बबन."

उत्तर नाही. लोक मागे वळून पाहू लागले. ताईंनी पुन्हा म्हटलं, "बबन." गेन पार वर होता, मांडवाबाहेर कोणाची तरी चप्पल वाजली तीसुद्धा माइकनं घेतली. त्या चपला जवळ आल्या, आणि फाटकातून गिरणीवाला धावत आत शिरला, नखशिखांत पांढरा.

"हजर, बाई! हजर! गिर्‍हाइकाले पीठ देऊन राह्यलो होतो!"

अख्खा मांडव हसला. त्या हसण्याबरोबर लाल दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांचा हात बटणावर होता, पण त्यांनी ते फिरवलं नाही. ते ताईंकडे बघत होते. ताई हसत होत्या, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या हसण्याला थोडा आवाज होता; फाटका, लहान, पण होता.

वही संपल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "सगळे मोठ्यानं बोलता. असंच बोलत जा." आणि बसल्या. माझ्या खिशातला कागद खिशातच राहिला. मुख्याध्यापकांनी पंखे सुरू करायला सांगितले, पलीकडे गिरणी पुन्हा धडधडू लागली. साडूभाऊ खुर्चीवर बसले आणि पाणी मागून तीन तांबे प्यायले. परतताना टेम्पोत म्हणाले, "बेक्कार झालं, साडू. एवढा हात मी जन्मात नाही लावला. चार जागी शिट्टी येता येता राह्यली." पंधरा मिनिटांत त्यांनी चार चुका मोजल्या होत्या. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की मांडवात कोणालाही चूक दिसली नाही, बायका तर रडत होत्या. ते म्हणाले, "त्याहिचं काय. मले दिसली नं."

याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर साडूभाऊंनी हळूहळू कामं घेणं कमी केलं आणि एक दिवस सगळे बॉक्स विकून टाकले. डीजेच्या भिंतीसमोर आपलं कोण ऐकतो, असं ते लोकांना सांगत. खरं कारण मला ताईंनी लिहून दाखवलं: त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. बारीक आवाज, त्यातही बायकांचे आणि मुलांचे, कानातून निसटत होते. ज्याला स्वतःच्या कानाचा भरवसा नाही त्यानं गेन लावू नये, असं त्यांचं म्हणणं. कानाचं मशीन आणलं, पण ते डब्यात पडून आहे. मशीन बसवणाऱ्या मुलीशी त्यांचं भांडण झालं. "ते पोरगी गेन कॉम्प्युटरवर लावते. मले हात नाही लावू देत. अन् तिनं जास्त लावला, साडू, हे मले ऐकू येऊन राह्यलं होतं."

म्हणजे घरात आता एकाला मोठ्यानं बोलता येत नाही आणि दुसऱ्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही. मला त्याची मनापासून धास्ती वाटायची. दोन म्हातारी माणसं, त्यातून पुसदचा उन्हाळा, आणि मध्ये अशी न बोललेली दुपार. मागच्या आठवड्यात न सांगताच मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर भाजीच्या भांड्याशेजारी दोन माइकचा एक जुना लहान मिक्सर होता. ताईंच्या पदराला छोटा माइक टाचलेला आणि साडूभाऊंच्या कानांवर जाडजूड हेडफोन. दोघं जेवत होती. ताईंचे ओठ हलत होते. मला पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. साडूभाऊ मान डोलावत घास घेत होते, मध्येच 'मंग?' म्हणत होते. मग ताई काहीतरी बोलल्या आणि ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

मी दारातून विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

साडूभाऊंनी हेडफोनचा एक कान उचलून मला पुन्हा विचारायला लावलं. मग ताईंकडे पाहिलं, आणि लाजल्यासारखे म्हणाले, "ते तुमच्यासाठी नव्हतं, साडू. बसा, जेवून घ्या."